जड माशी

भांडी बोलायची, पण एकमेकांचं ऐकायची नाहीत, तेव्हाची ही गोष्ट.

फडताळातल्या चिनी मातीच्या बरणीचा सत्कार ठरला आणि नेमका तिचा कान तुटला. पातेल्यानं घाईघाईत पितळी कान आणला, तापलेल्या लाखेनं चिकटवला आणि लगेच बरणी माठातल्या गार पाण्यात बुडवून काढली.

लाख कळवळली. "पातेलेकाका, गार होताना पितळ आकसलं, बरणी आकसेना. दोघांच्या ओढाताणीत माझा जीव चाललाय. मला पुन्हा ऊब द्या आणि हळूहळू निवू द्या."

"समारंभात रडगाणं नको!" पातेलं खेकसलं. "चिकटलंय ना? मग झालं!"

भाषणं सुरू झाली. एक माशी येऊन पितळी कानावर बसली. टक्! लाखेला तडा गेला आणि कान खाली पडला.

खटला तिथल्या तिथे चालला. माशी फार जड असल्याचं सिद्ध झालं आणि तिला हाकलून देण्यात आलं. मग पातेल्यानं कान पुन्हा तसाच चिकटवला, बरणी पुन्हा गार पाण्यात बुडवली आणि फडताळाच्या दाराशी झाऱ्याला पहाऱ्यावर बसवलं.

"काका, अजून ओढ बसतेय हो," लाख कण्हली.

"शक्यच नाही," पातेलं म्हणालं. "आता माश्यांना बंदी आहे."