बांधाखालचा रांजण

हातनवाडीच्या तळ्याला बांध आहे. त्याच्या पायाशी एका जागी माती ढासळलेली दिसते, तिथं अर्धा गाडलेला रांजण आहे. त्याला कुणी हलवत नाही. हळदीचं बोट लावायचं नि पुढं व्हायचं. त्यामागची हकीकत अशी सांगतात.

याच काठावर ठकू कुंभारीण नांदायची. नवरा धोंडजी, पदरी दोन लेकी. त्यांच्या घरची खूण म्हणजे भांड्याच्या गळ्यावर ज्वारीच्या कणसाचा ठसा. तो सासूनं सुनेला शिकवायचा, लेकीला नाही.

एका साली पलीकडच्या खैरखेडच्या पाटलांनी दावा लावला, की तळं आमच्या वाडवडिलांनी बांधलं, हातनवाडी कालपरवा येऊन बसली. पाणी गेलं असतं तर ठकूचं चाक थांबलं असतं, गावही उठलं असतं.

ठकूला माती काढताना जुनी खापरं सापडायची, गळ्यावर तेच कणीस. तिनं ती वेचली, घासून लखलखीत केली आणि चावडीत दरबारच्या कारभाऱ्यांपुढं टोपलीभर ओतली.

पाटील हसले. "ठकूबाई, भट्टीतून काढून थंड तरी होऊ द्यायची."

कारभारी म्हणाले, "बाई, धुतलेलं खापर कुठल्या मातीतलं, हे मी कसं ओळखू?"

ठकूचं तोंड उतरलं. मातीबरोबर साक्षही तिनंच धुतली होती. परतताना धोंडजी म्हणाला, "बांधाखालचा रांजण तेवढा तुला उचलवला नाही, म्हणून वाचला."

ठकू जागीच थांबली आणि माघारी फिरली. कारभाऱ्यांना बांधाशी घेऊन आली. म्हणाली, "मी हात लावत नाही. पाटील, तुमचेच गडी खणू देत. फक्त रांजण हलवू नका."

खैरखेडच्या गड्यांनी खणलं. वर बांधाची माती, खाली पायाचे दगड, त्या दगडांच्याही खाली रांजण. शेजारी चूल, चुलीत राख. रांजणाच्या गळ्यावर कणीस.

पाटील बराच वेळ वाकून बघत राहिले म्हणे. मग स्वतःच बोलले, "चुलीवर बांध घालता येतो. बांधाखाली जाऊन चूल मांडता येत नाही."

तळं हातनवाडीचं ठरलं. गावानं देवीच्या पहिल्या घटाचा मान ठकूच्या घराला दिला, काठची माती तिच्या वंशाला मोकळी केली. घर भरलं. ठकूनं मग कणसाचा ठसा दोन्ही लेकींना शिकवला.

आजही हातनवाडीत पाया खणताना खापर लागलं की कुदळ थांबते. चार माणसं बोलावून जागा दाखवतात, मगच उचलतात, आणि धूत नाहीत. घटस्थापनेला पहिला घट ठकूच्या लेकींच्या वंशातून वाजतगाजत येतो, गळ्यावर कणीस घेऊन.