नवरदेवाचं नाक आणि ठकूबाईची हळद

एका नदीच्या अल्याड एक गाव होतं, पल्याड दुसरं. पण दोन्ही गावांच्या लग्नांतली हळद एकाच बाईच्या जात्यातून उतरायची. तिचं नाव ठकूबाई. हळकुंडं निवडणार ती, वाळवणार ती, दळणार ती. हळदीचं ताट घेऊन ती मांडवात शिरली, की वाजंत्रीवाल्यांना आपसूक चेव यायचा. ह्या मानाचं तिला भारी अप्रूप. अहो, असणारच!

एका वर्षी अल्याडचा नवरा आणि पल्याडची चिमा यांचं लग्न ठरलं. ठकूबाई हळद दळायला बसली, तर दारात एक पेटीवाला हजर. गावोगाव फिरून अत्तरं, तेलं, लेप विकणारा.

"मावशी, हळद फिकी वाटतेय," तो म्हणाला. "ही चिमूटभर भुकटी घाला. सोन्यासारखी झळकेल. राजवाड्यात हीच चालते."

"आहे काय हिच्यात?"

"ते गुपित असतं, मावशी. पण वास तर घेऊन बघा!"

वास गुलाबाचा होता. गुपित ठकूबाईला जरा खटकलं, पण राजवाड्याच्या नावानं तिची मती फिरली. चिमूटभर म्हणता म्हणता तिनं अख्खी पुडी ओतली. हळद अशी झळकली, की तिला स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली.

लग्नाच्या दिवशी सकाळी नवरदेवाला हळद लागली. "काय रंग हो ठकूबाई!" म्हणत बायकांनी त्याला नखशिखांत माखला. मग रीतीप्रमाणे त्याच्या अंगाची उष्टी हळद वाटीत भरून करवली वाजतगाजत पल्याड निघाली. तीच आता नवरीला लागायची होती.

वाजंत्री नदीकडे वळली नाही तोच नवरदेव नाक खाजवू लागला. मग गाल, मग मान. घटकाभरात नाकाचं पार भरताचं वांगं झालं! वैद्यबुवा धावत आले. त्यांनी त्याचं अंग-तोंड खळाखळा धुवायला लावलं आणि बजावलं, "काहीतरी बाधलंय. आता तोंडाला काही म्हणजे काही लावायचं नाही."

"बाधलंय कसलं, दृष्ट लागली पोराला!" म्हणत नवऱ्याची आत्या मीठमोहऱ्या आणायला पळाली.

ठकूबाईला मात्र ती भुकटीची पुडी आठवली. तिला कळून चुकलं होतं. बोलावं, तर जन्माचा मान एका क्षणात मातीत. गप्प बसावं, तर दोष दृष्टीवर जाईल, कुणाला पत्ताही लागणार नाही. पण ती वाटी नदी ओलांडत होती, आणि पलीकडे चिमा पाटावर बसून वाट बघत होती.

"मान गेला खड्ड्यात!" ठकूबाई स्वतःशीच ओरडली. तिनं पदर खोचला आणि गुडघाभर पाण्यातून धूम ठोकली.

ती मांडवात पोचली, तेव्हा करवलीची बोटं वाटीत बुडाली होती.

"थांबा!" ठकूबाईला धाप आवरेना. "लावू नका ती हळद! मी तिच्यात एक भुकटी घातलीय. कसली, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नसताना घातली. नवरदेवाचं नाक सुजलंय. चूक माझी आहे."

करवलीनं घाईघाईनं हात धुतले. चिमाचे वडील लालबुंद होऊन म्हणाले, "ठकूबाई, डोळे मिटून भरवसा ठेवला होता तुमच्यावर!" ठकूबाईची मान वर होईना.

तेवढ्यात चिमानं हळूच विचारलं, "मावशी, नाक कितीसं सुजलंय?"

"वांग्याएवढं गं पोरी."

"त्यांनी पाहिलंय?"

"आरसा लपवून ठेवलाय."

चिमा अशी खदखदून हसली, की सगळा मांडव तिच्यामागून हसत सुटला. पण उष्ट्या हळदीचं काय? नवी दळली तरी नवऱ्याच्या तोंडाला ती लावायची कशी? म्हातारेकोतारे डोकं खाजवू लागले.

"मग मी आधी लावते," चिमा म्हणाली. "माझी उष्टी तिकडे पाठवा."

"असं कधी झालंय का?" चिमाची मामी फणकारली.

"नाक तरी असं कधी झालं होतं का, मामी? ठकूमावशी, बसा जात्यावर. नुसती हळकुंडं हं!"

ठकूबाईनं सगळ्यांदेखत हळद दळली. आधी स्वतःच्या हाताला लावली आणि घटकाभर तो हात सगळ्यांना दाखवत फिरली. हाताला काही झालं नाही, तेव्हाच चिमाला हळद लागली. मग वाटी उलटी अल्याड गेली. वैद्यबुवा तोंडाजवळ कुणाला फिरकू देईनात, म्हणून नवरदेवाच्या पायाच्या अंगठ्याला हळद लावून भागवलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा चिमाला हसू आवरेना, आणि भटजींनाही.

पंगती उठल्यावर नवऱ्याची आई ठकूबाईसमोर येऊन उभी राहिली. आता आपली खैर नाही, म्हणून ठकूबाईनं हात जोडले.

"माझ्या धाकट्याचं लग्न वैशाखात आहे," वरमाई म्हणाल्या. "हळद तुम्हीच दळायची. पण काय काय घातलंत, ते भर मांडवात खणखणीत सांगायचं."

"सांगेन हो, सांगेन!" म्हणत ठकूबाई हसता हसता रडायलाच लागली.

तात्पर्य काय, तर ज्यात काय आहे हे सांगता येत नाही, ते आपल्या माणसाच्या अंगाला लावू नये. आणि लावून बसलोच, तर मान सांभाळत न बसता आधी धावावं.