गिळलेला खोकला

माझ्याएवढा शहाणा माणूस या पंचक्रोशीत सापडायचा नाही. चौथीच्या वर्गात तीन वर्षं बसलो. एवढं मुरलेलं ज्ञान आहे का कुणाचं? तर शहाण्यांनो आणि शेंबड्यांनो, तुमच्या पणज्याचा पणजा रांगत होता तेव्हाची ही गोष्ट.

एका नगरात खंगवणारा खोकला होता. तो माणसाला घाईने मारत नसे. वाळवीसारखा सावकाश खाई. त्यावर एका म्हाताऱ्या वैदिणीकडे कडू काढा होता. रोज सकाळी रोगी तिच्या ओसरीवर येत, तिच्या डोळ्यांदेखत घोट घेत आणि तोंड उघडून दाखवत. कारण माणूस लबाड. जरा बरं वाटलं की काढा तुळशीत ओततो. हसताय काय? तुम्हीही तेच केलंय.

राजपुत्राची दाई चांगुणाही तिथे येई. आता कुठे तिच्या गालांवर रंग चढला होता आणि वैदिणीने तिला पाळण्याजवळ जाऊ दिलं होतं. पण काढा अजून बरेच दिवस चुकवायचा नाही, अशी ताकीद होती.

इतक्यात दूर देशाहून नवा ताप आला. माणसं पटापट मरू लागली. राजा घाबरला, आणि घाबरलेला राजा हुकूम फार काढतो. वैदिणीला वेशीवर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांची कपाळं तपासायला. तिच्या ओसरीला कुलूप लागलं. वर दवंडी पिटली, की जो खोकेल त्याला गावाबाहेरच्या कोठारात कोंडू.

मग काय, काढा गिळणारे खोकला गिळू लागले. चांगुणा पदर तोंडात कोंबून पाळणा हलवायची.

ताप ओसरला. नगरात कुणाचा खोकला ऐकू येईना. राजाने हत्तीवरून साखर वाटली. मी असतो तर दोनदा रांगेत उभा राहिलो असतो.

आणि त्याच दिवशी, भर दरबारात, चांगुणाच्या पदरातून रक्त ओघळलं. आतल्या महालातून, राजपुत्राच्या पाळण्यातून, बारीक, कोरडा खोकला आला. घरोघर पाहिलं, तर कोनाड्यांत दडवलेले पदर आणि उपरणी लाल. जुना काढा पाजला, पण अर्ध्यावर सोडलेला रोग त्याला दाद देईना. चांगुणा गेली. पाळणा रिकामा झाला. इथे माझीही थट्टा आटते.

तात्पर्य आत्ताच सांगतो, नाहीतर विसरेन: नव्या संकटामागे धावताना जुन्या रोग्याचा घोट चुकवू नये.

राजा वैदिणीवर कडाडला, "तुला वेशीवर बसवलं होतं ना? मग हा रोग आत आला कसा?"

म्हातारी म्हणाली, "तो आत आलाच नाही, महाराज. तुम्ही माझ्या ओसरीला कुलूप घातलंत, तेव्हा तो आतच होता."