वाडीपर्यंतची वाट

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका खिंडीत एक वृद्ध वाटाड्या राहत असे. नाव गोमाजी, पण सगळे त्यांना आबा म्हणत. पावसाळा सरून गवत पिवळे पडू लागले, की दरवर्षी त्या खिंडीतून लांब पल्ल्याचे वाटसरू जात. पाठीवर मोठी सॅक, हातात काठी, आणि मनात एकच ध्यास, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सारी डोंगररांग पायी पार करायची. दोन-अडीच महिन्यांचे ते चालणे. त्यातले बहुतेक जण आबांच्या अंगणात पाणी पीत आणि पुढची वाट विचारत.

आबा त्यांना फक्त खालच्या वाडीपर्यंतची वाट सांगत. कोणी पुढचे विचारलेच तर म्हणत, "पुढचं मला ठाऊक नाही. वाडीत ठकूबाईला विचारा."

आबांकडे वाटाड्याची विद्या शिकणाऱ्या रोहिदासला हे उत्तर फार टोचे. तरुणपणी आबांनी ही सगळी रांग तीनदा पालथी घातली होती, हे तो जाणून होता. मग हे असे अज्ञानाचे सोंग कशासाठी? वाटसरू एकमेकांकडे पाहून हसत, तेव्हा रोहिदासची मान खाली जाई.

एके दिवशी सकाळी मृदुला नावाची बाई एकटीच खिंडीत आली. वय चाळिशीच्या आसपास. वाटेत ताप आल्याने ती तीन दिवस मागे पडली होती. तिचे सोबती पुढे निघून गेले होते. आबांनी तिला वाडीची वाट सांगितली.

"आबा, एक तास खाली उतरायचं आणि परत तेवढंच चढायचं? वरच्यावर वाट नाही का?"

"वाडीत उतरा, ताई," आबा एवढेच म्हणाले.

ती निमूटपणे निघाली. रोहिदासला मात्र राहवेना. पाणी भरून आणतो असे सांगून तो मागोमाग गेला आणि वळणावर त्याने तिला गाठले. "ताई, वाट आहे. कड्याच्या पोटातून आडवी जाते, थेट पुढच्या पठारावर. मी चाललोय तिथून." त्याने तिच्या वहीत खुणांसकट नकाशा काढून दिला. तिने त्याचे हात हातात घेऊन आभार मानले.

दुपारी जेवायला बसल्यावर त्याने ही गोष्ट आबांना सांगितली, काहीशा अभिमानानेच. आबांच्या हातातला घास तसाच राहिला.

"त्या वाटेनं तू कधी गेलास?"

"तीन वर्षांपूर्वी. तुम्हीच नेलं होतं की."

"आणि त्यानंतर?"

उत्तराला न थांबता आबा उठले. हात न धुताच त्यांनी पायात वहाणा सरकवल्या.

दोघे जवळजवळ धावतच फाट्यापाशी आले. आडव्या वाटेच्या तोंडाशी धुळीत मृदुलाच्या बुटांचे ठसे स्पष्ट होते. त्याच क्षणी कड्याच्या बाजूने एक क्षीण हाक आली. शब्द कळत नव्हते. भय कळत होते. रोहिदास त्या वाटेवर झेपावला, तोच आबांनी त्याचे मनगट घट्ट धरले.

"तिकडे नाही. खाली."

"खाली? आबा, ती तिकडे ओरडतेय! वाडीत जाऊन यायला तास-दीड तास जाईल!"

"जाऊ दे. चल."

आबांनी पकड सोडली नाही. रोहिदास मागे वळून पाहत उतरत राहिला. पहिल्यांदाच त्याला आपल्या गुरूचा राग आला, आणि त्याहून अधिक स्वतःचा.

ठकूबाई अंगणात गवताचे भारे बांधत होती. आबांनी दोन वाक्यांत सांगितले. तिने हातातला भारा टाकला.

"ती वाट? अहो, श्रावणात मधला टप्पा साफ खाली गेला. अलीकडचाही पोकळ झालाय, गवतामुळं दिसत नाही. माणसाच्या वजनानं सुटतो."

"पोचायचं कुठून?"

"नाळेतून. वरून." तिने खुंटीवरचा दोर खांद्यावर टाकला आणि ती पुढे झाली.

दगडधोंड्यांनी भरलेल्या त्या उभ्या घळीतून तिघे चढले. वर कड्याच्या काठाला एक उंबर होता. त्याच्याखाली दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोलीवर मृदुला दगडाला पाठ लावून बसली होती. तिच्या पुढची वाट श्रावणातच गेली होती, आणि मागची तिच्या पायांखालून नुकतीच सुटली होती. मधे जेमतेम चटईएवढी जागा उरली होती.

"हलू नका, ताई!" रोहिदास वरून ओरडला.

"हलले की माती सरकते," ती खालून म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता.

ठकूबाईने दोर उंबराला बांधून खाली सोडला. मृदुलाने सॅक काढली, तसा धक्क्याने काठ ढासळला आणि सॅक दरीत गेली. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग अगदी खालून एक थाप आली. तिने काखेखालून दोर बांधला. तिघांनी ओढले. ती वर आली आणि ठकूबाईच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडू लागली.

रोहिदासने काठावरून आडव्या वाटेकडे पाहिले. धावत तो जिथे पोचला असता, तिथे आता नुसती मोकळी हवा होती.

"आबा, तुम्हाला कसं कळलं, की मागची वाटही सुटली असेल?"

"मला कुठं कळलं?" आबा म्हणाले. "मलाही वाटलं होतं, सरळ धावत सुटावं. पण ती वाट मला ठाऊक नाही. तीन वर्षांपूर्वीची ठाऊक आहे, आणि ती आता या डोंगरात नाही, माझ्या डोक्यात आहे. डोक्यातल्या वाटेवर दुसऱ्याला पाय ठेवायला सांगू नये. ही बाई दरसाल इथं गवत कापते. परवाचा डोंगर तिला माहीत. माझं नाव मोठं असेल, पण माझी माहिती शिळी आहे. शिळी माहिती खरी वाटते, म्हणून तर जास्त घात करते."

रोहिदासने मृदुलाची क्षमा मागितली. तिने फक्त मान हलवली. ते पुरेसे नव्हते, हे त्यालाही उमगले.

सगळे सावकाश वाडीत उतरले. ठकूबाईने मृदुलाला अंथरूण घालून दिले, चुलीवर चहा ठेवला. आबा ओसरीवर टेकले. रोहिदास अंगणातच उभा राहिला. आबांकडे राहून तीन वर्षे झाली होती, पण या अंगणात तो आज पहिल्यांदा आला होता.

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "उद्या तुम्ही वर गवताला जाल, तेव्हा मी आलो तर चालेल?"

ठकूबाईने त्याच्याकडे पाहिले, आणि मग त्याच्या पायांकडे.

"चालेल," ती म्हणाली. "पण माझ्या मागून चालायचं."