सात नावांचा ढेकण्या

फार पूर्वी, राजाच्या दरबारात ज्योतिषी आणि वैद्य असत त्या काळी, एका राजाच्या दरबारात किड्यांचा पंडितही होता. त्याचे नाव विरूपाक्ष. कोणताही किडा समोर ठेवला की तो त्याचे नाव, खाणे आणि ठिकाण सांगे. त्याने एक पोथी लिहिली होती. तिच्यात प्रत्येक किड्याचे रंगीत चित्र होते आणि चित्राखाली नाव.

त्या पोथीत सात पाने एकट्या ढेकण्याची होती. ढेकण्या म्हणजे पाठीवर ढालीसारखे कवच असलेला, शेंगांचा रस शोषणारा आणि हात लावला की उग्र वास सोडणारा किडा. पंडिताने त्याच्या सात जाती मोजल्या होत्या. एक पूर्ण हिरवा. एक पिवळ्या खांद्यांचा. एक तांबूस. दोन लहान, बिनपंखी: काळा पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि हिरवा गुलाबी कडांचा. एक काटेखांद्या. आणि सातवा सोनपाठा, अंगभर सोनेरी, पाठीवर हिरवे ठिपके. हा सोनपाठा पंडिताला पंचविसाव्या वर्षी सापडला होता आणि त्याच्यामुळेच त्याला दरबारात आसन मिळाले होते.

पंडिताकडे किडे मरून, वाळून, डबीत बंद होऊन येत. वास सहन होत नसल्यामुळे शेतात जाऊन तो त्यांच्याजवळ फार वेळ बसत नसे.

एका वर्षी नदीकाठच्या गावांत तुरीच्या शेंगा पोचट निघाल्या. झाडांवर लोकांना तांबूस ढेकण्या दिसला. राजाने पंडिताला विचारले, "हा किडा कुठला?"

पंडिताने पोथी उघडली. "महाराज, ही तिसरी जात. डोंगरवाडीच्या झाडांच्या सालीखाली राहते. माझ्याकडचे सगळे नमुने तिथलेच आहेत."

नदीकाठच्या लोकांना दोषी सापडला. त्यांनी राजाकडे मागणी केली, आणि राजाने हुकूम काढला की डोंगरवाडीची करंजांची आणि मोहांची राई तोडून जाळून टाकावी. दिवसही ठरला. गुढीपाडव्यानंतरचा पहिला सोमवार.

डोंगरवाडी त्या राईवरच जगत होती. करंजाच्या बिया, मोहाची फुले, सरपण, सावली, सगळे तिथलेच. हुकूम ऐकून वाडीने हौसा नावाच्या बाईला दरबारात पाठवले. ती लहानपणापासून करंजाच्या बिया वेचत आली होती. तिने पानांच्या द्रोणातून बारा तांबूस किडे आणले होते.

"महाराज," ती म्हणाली, "हा आमचा किडा नाही. हा खालच्या शेतातला हिरवाच आहे. थंडी पडायला लागली की याचा रंग बदलतो. तसाच तो आमच्याकडे येतो आणि सालीखाली दडून बसतो. उन्हं तापली की परत हिरवा होतो आणि खाली जातो."

दरबारात हसू पसरले. पंडितही हसला. "बाई, रंग बदलला म्हणजे जातच निराळी."

"माझं तोंड उन्हात काळवंडतं, पंडितबुवा. म्हणून मी कुणी दुसरी होते का?"

राजा हसला नाही. तोडायला अजून दोन महिने अवकाश होता. तो पंडिताला म्हणाला, "हे बारा किडे तुम्ही सांभाळा. पाडव्यानंतर काय ते सांगा. बाई खोटी ठरली तर राई जाईल."

निघताना हौसा पंडिताला म्हणाली, "यांत काटेखांद्या टाकू नका. तोही तांबूसच असतो, पण तो शेंगेला तोंड लावत नाही. तो अळ्या खातो, आणि अळ्या नसल्या तर यांची पिल्लं खाईल. रंगावर जाऊ नका, खांदा बघा."

पंडिताच्या अंगणात वालाचा वेल होता. त्याने वेलाला मलमलीने चहूबाजूंनी वेढले. कुणी किडे बदलले असे म्हणू नये म्हणून बाराही किड्यांच्या पाठीवर लाखेचा बारीक ठिपका दिला आणि त्यांना आत सोडले. मग तो रोज सकाळी नाकाला फडके बांधून मलमलीजवळ बसू लागला.

पहिले आठ दिवस काही झाले नाही. मग ऊन वाढले. एके दिवशी त्याला वाटले की एका किड्याची पाठ हिरवट दिसते आहे. चार दिवसांनी शंका उरली नाही. किडा हिरवा झाला होता आणि त्याच्या पाठीवर लाखेचा ठिपका तसाच होता. फाल्गुन लागेपर्यंत बाराही हिरवे झाले.

पुढे पानांच्या खाली पिवळसर अंडी दिसली, बारक्या रांजणांसारखी, ओळीने लावलेली. अंडी फुटली. पिल्ले आधी एकत्र घोळका करून राहिली. मग त्यांनी कात टाकली आणि ती काळी झाली, अंगावर पांढरे ठिपके. पंडिताने घरात जाऊन पोथी आणली आणि पान ताडून पाहिले. ही त्याची चौथी जात होती. आणखी दोनदा कात टाकल्यावर तीच पिल्ले हिरवी, गुलाबी कडांची झाली. ही पाचवी.

आता फडके नाकावरून कधी खाली आले ते त्याला कळलेही नाही. तो जेवायलाही उशिरा जाऊ लागला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पिल्लांना पंख आले. बहुतेक हिरवी निघाली. चार पिवळ्या खांद्यांची. आणि एक, वेलाच्या टोकाला बसलेले, अंगभर सोनेरी होते, पाठीवर हिरवे ठिपके.

पंडित खाली बसला. तो सोनपाठा होता. वीस वर्षे तो त्याचे चित्र दाखवत आला होता. त्याच्या म्हाताऱ्या गुरूंनी ते चित्र पाहून त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. आणि हा समोर बसलेला किडा इतर हिरव्यांचा सख्खा भाऊ होता, त्याच वेलावर जन्मलेला.

मलमलीच्या आत काय आहे ते दुसऱ्या कुणी पाहिले नव्हते. हौसा डोंगरावर होती. दरबारी माणसे वासाच्या भीतीने इकडे फिरकत नव्हती. मलमलीची एक गाठ सोडली असती तर दुपारपर्यंत सगळे उडून गेले असते.

त्याची बायको वेणू पाणी घेऊन आली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले, मग वेलाकडे.

"हा तुमचा तोच ना?" तिने विचारले.

"तोच."

"मग आता काय सांगणार?"

"किडे मेले असं सांगितलं तर कुणी विचारणार नाही."

वेणूने तांब्या ओट्यावर ठेवला. "झाडं कधी तोडायची आहेत?"

"सोमवारी."

ती आत निघून गेली. पंडित ऊन अंगावर येईपर्यंत तिथेच बसून राहिला. मग त्याने मलमलीच्या गाठी एकेक करून तपासल्या आणि सैल झालेली एक घट्ट बांधली.

शनिवारी त्याने राजाला आणि दरबाऱ्यांना अंगणात बोलावले. हौसालाही निरोप धाडला. सगळे जमल्यावर त्याने पोथी राजापुढे धरली.

"महाराज, यातली सहा नावं एकाच किड्याची आहेत. हा लहानपणी काळा असतो, मग गुलाबी कडांचा, मोठेपणी हिरवा, थंडीत तांबूस. कुणी पिवळ्या खांद्यांचा जन्मतो, कुणी सोनेरी. काटेखांद्या तेवढा खरोखर वेगळा आहे. मी सात सांगितले होते. दोनच आहेत."

राजाने लाखेचे ठिपके पाहिले, पानाखालची रिकामी अंडी पाहिली. "आणि सोनपाठा? त्याचं चित्र आम्ही शेजारच्या राजाला भेट दिलं होतं."

"तोही हाच, महाराज."

"म्हणजे वीस वर्षं तुम्ही आम्हाला चुकीचं सांगत होता."

"होय. आणि डोंगरवाडीचं नाव घेतलं तेही चुकीचं होतं. किडा जन्मतो खाली, शेंगा खातो खाली. तिथे तो फक्त हिवाळा काढतो."

राजाने हुकूम मागे घेतला. पण शेजारच्या राजापुढे मान खाली घालावी लागणार हे त्याला झोंबले होते. त्याने पंडिताचे आसनही काढून घेतले. पंडिताने बोरू घेऊन पाच नावांवर रेघ मारली आणि त्या पाचही चित्रांखाली लिहिले, 'हाही हिरवाच.' सोनपाठ्याचे पान सगळ्यांत शेवटी आले. तिथे त्याचा हात थोडा थांबला, पण रेघ सरळ आली.

जाताना हौसा त्याला म्हणाली, "पौषात वर या. सालीखाली ते झोपलेले असतात. तेव्हा धरायला सोपे."

पौषात आसन गेलेला पंडित डोंगरवाडीला गेला. नदीकाठचे लोकही आले, आधी जरा संकोचत. हौसाने साली कशा हलक्या हाताने उचलायच्या ते दाखवले, पंडिताने खांदे कसे पाहायचे ते. काटेखांदे तसेच राहू दिले. बाकीचे पाण्याच्या मडक्यांत गोळा केले. आठ दिवस दोन्हीकडच्या लोकांच्या हातांना वास येत होता.

त्या पुढच्या हंगामात नदीकाठी तुरीच्या शेंगा भरल्या. मळणी झाली तेव्हा खळ्यावरचे पहिले सूप डोंगरवाडीला गेले, आणि दुसरे विरूपाक्षाच्या घरी.

तात्पर्य: ज्याला नाव द्यायचे त्याच्याजवळ आधी बसावे. आणि आपण दिलेले नाव चुकले असे कळले तर दुसऱ्याच्या झाडावर कुऱ्हाड पडण्याआधी ते आपल्याच हाताने खोडावे.