पाटावरचं पुस्तक

“गुरुजी, निदान एक पान तरी?”

“आज खंडेनवमी. पूजेत मांडलेलं पुस्तक उद्याच्या उत्तरपूजेपर्यंत उघडायचं नाही.”

मी शेजारची. झेंडूची फुलं द्यायला गेले होते. फुलं द्यायला कितीसा वेळ लागतो? पण असं काही कानावर पडलं की माझा पाय निघत नाही.

श्रीरंग गुरुजींचा जुना विद्यार्थी. पुस्तकांचा नाद त्याला याच घरात लागला. आता आपल्या कवितांचं पुस्तक त्यानं स्वतःच छापलं होतं. जाड कागद, सोनेरी अक्षरं, आत खुणेला रेशमी फीत. पहिली प्रत घेऊन तडक इथं आला, आणि गुरुजींनी ती न उघडताच पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं.

“एवढा मान!” मी म्हटलं. “श्रीरंगभाऊ, पेढे काढा आता.”

तो हसला, पण नजर गुरुजींवरच.

“कुठल्या प्रकाशकाच्या दारात गेलोच नाही, गुरुजी. म्हटलं, आधी तुम्ही वाचायचं. तुम्ही बरं म्हणालात की झालं. बाकीचे गेले उडत.”

“कागद सुरेख आहे.”

“आणि कविता?”

गुरुजींनी पुस्तकाला नमस्कार केला. मग खिडकीशी जाऊन बसले आणि उशीखालून दुसरंच एक पुस्तक काढलं. पुठ्ठा गेलेला, शिवण उसवलेली, पानांचे कोपरे झिजून गोल झालेले. चष्मा लावला. वाचायला लागले. मध्येच खुदकन हसलेसुद्धा.

आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय.

“गुरुजी… आज वाचायचं नाही ना?”

“पूजेतलं वाचायचं नाही.”

“असलं फाटकं देवापुढं कसं मांडणार, म्हणून ठेवलं नसेल,” मीच श्रीरंगला समजावलं.

गुरुजींनी मान हलवली. तसं नाही म्हणाले.

मग कसं? मला काही कळेना. श्रीरंगलाही कळेना, की कळायला लागलं होतं, कोण जाणे. तो पाटाकडे बघत राहिला. सोनेरी अक्षरांवर कुंकू सांडलं होतं.

“मग… हे का नाही ठेवलंत पूजेत?”

गुरुजींनी ओळीवर बोट धरलं आणि मान वर केली.

“हे मला वाचायचं होतं.”