हिंदुरावांची लाल फटफटी

फटफट्या माणसांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. हिंदुरावांनी आपली जुनी फटफटी नटवायला काढली. लाल रंग दिला, टाकी चकाकवली आणि चाक मोकळं, देखणं दिसावं म्हणून पुढचा ब्रेकच काढून टाकला.

"मालक, तो राहू द्या," फटफटी म्हणाली.

"मागचा आहे की!" हिंदुराव हसले आणि पत्नी शालनला मागे बसवून घाटात निघाले.

उतारावर मागचा ब्रेक तापला, मग लागेनासाच झाला. वेग वाढत चालला. वळणापलीकडे मेंढरांचा कळप रस्ता अडवून उभा होता.

"अहो, थांबवा!" शालनने त्यांचा खांदा आवळला.

"ब्रेक लागत नाही!"

"गिअर उतरवा, मालक! पाय वर घ्या आणि मला डोंगराला घासा!" फटफटी किंचाळली.

टाकी डोंगराच्या कातळाला खरवडत गेली, ठिणग्या उडाल्या आणि पहिल्या मेंढरापासून हातभर अंतरावर चाक थांबलं. शालनच्या कोपरातून रक्त येत होतं. हिंदुरावांना तिच्याकडे बघवेना.

"तुझा रंग गेला गं," ते कसंबसं फटफटीला म्हणाले.

"रंग मलाही आवडला होता, मालक. पण लोकांनी थांबून बघावं असं वाटत असेल, तर आधी मला थांबता यायला हवं."